सतरा नंबर, रिकामी

१ मार्च

आज दुपारी सव्वादोनला कायाहामाला पोचलो. गाडीतून उतरणारा मी एकटाच. स्टेशनमास्तरने मला दोनदा विचारलं की नक्की इथेच उतरायचंय ना. ऊन छान पडलं होतं, छपरांवरचं बर्फ वितळून टपटप गळत होतं आणि सगळीकडे वाळत घातलेल्या मासळीचा वास. मन एकदम प्रसन्न झालं. ओसाकातल्या एका कंपनीच्या दुरुस्ती विभागात पंचावन्न गाढवांबरोबर बावीस वर्षं काढली. आता आपल्याइतकं कळणारा दुसरा एकही माणूस नाही अशा गावात राहायला मिळतंय. याला सुख म्हणतात.

कुनुगीबाईंचं गेम सेंटर बाजारपेठेच्या टोकाला आहे. बाजारपेठ आपली नावालाच, दहातल्या सात दुकानांना कुलूप. पण आत पाऊल टाकलं आणि मी शीळच घातली. नाणं टाकून खेळायची बत्तीस यंत्रं, जुन्या चादरी पांघरून ओळीत उभी, सगळी काचेच्या पिक्चर ट्यूबवाली. अशा ट्यूब आता कोणी बनवत नाही आणि दुरुस्त करणारेही बोटांवर मोजण्याइतके उरलेत. त्यांतला सगळ्यात चांगला मी आहे, हे मी लिहिलं काय न लिहिलं काय, खरं ते खरंच.

सेंटर वर्षभर बंद आहे. बाईंचे यजमान तामोत्सु सगळी दुरुस्ती स्वतः करायचे. ते गेल्या वसंतात हृदय बंद पडून गेले, एवढंच मला बोलावणाऱ्या पत्रात होतं. एप्रिलअखेरच्या सुट्ट्यांत सेंटर पुन्हा उघडावं अशी बाईंची इच्छा आहे. बाई सहासष्टच्या, ठेंगण्या, आणि बोलायच्या बाबतीत भलत्याच कंजूष. खोली आवडली म्हणालो, मान हलवली. उद्यापासून काम सुरू करतो म्हणालो, पुन्हा मान हलवली. असू दे. आंघोळीला पाणी कढत होतं आणि जेवणात बांगडा होता. मला गप्पा मारायला कोणी नकोच आहे.

३ मार्च

कामाची खोली गल्ल्याच्या मागे आहे. तिच्यात आणि स्वयंपाकघरात फक्त एक पडदा. आज तिथे तामोत्सुची हत्यारं बघितली आणि हसून हसून पोट दुखलं. एकही विकतचं नाही. ट्यूबमधली वीज उतरवायची काठी म्हणजे गळाच्या काठीची मूठ, तिला बांधलेला चपटा स्क्रू ड्रायव्हर आणि तांब्याची वेणी, वेणीच्या टोकाला जमिनीच्या तारेला लावायचा चिमटा. मोठा दाब मोजायचा मीटर गळाच्या पोकळ काठीतच बसवलाय. यंत्राच्या पडद्यावरचे रंगाचे डाग घालवायचं चुंबकी कडं सायकलच्या मुठीची पट्टी गुंडाळून केलेलं. ट्यूबवरची रबरी टोपी फाटली की हा गृहस्थ समुद्रात बुड्या मारणाऱ्या बायकांच्या जुन्या चष्म्यांचं रबर कापून लावायचा! चिडायची गोष्ट म्हणजे त्या टोपीतून वीज गळत नाही. दोन तास शोधलं, कुठे चूक सापडली नाही.

भिंतीवर एक पाटी आहे, ब्रशने लिहिलेली. एकाने सांगावं, दुसऱ्याने बघावं, मग ठीक. म्हणजे एकाने ट्यूब रिकामी करायची, तिच्याकडे बोट दाखवून मोठ्याने ‘पाच नंबर, रिकामी!’ असं ओरडायचं. मग दुसऱ्याने जवळ येऊन काठीचं टोक बघायचं, चिमटा बघायचा, बोट दाखवायचं आणि ‘ठीक!’ म्हणायचं. तोवर पहिल्याने आत हात घालायचा नाही. कंपनीतही हेच होतं. बावीस वर्षं रोज वीसेक वेळा कोणीतरी ओरडायचं आणि मी मान वर न करता ‘ठीक!’ म्हणायचो. लाखभर वेळा म्हटलं असेल, त्यातलं बघून म्हटलेलं फार तर हजार वेळा. कोणी मेलं नाही. सगळा पोरखेळ आहे.

पण बाईंना तो हवाच आहे. मी तोंडातल्या तोंडात ‘पाच नंबर, रिकामी’ पुटपुटलो, तर त्या स्वयंपाकघरातून हात पुसत आल्या, चष्मा लावला, गुडघ्यावर बसल्या आणि तांदळातले खडे शोधावेत तसं काठीचं टोक बघत राहिल्या. मग ‘ठीक’ म्हणायचं सोडून त्यांनी माझ्या खांद्यावर थाप मारली. तो शब्द त्यांच्या तोंडून निघतच नाही. जिला कंडेन्सर म्हणजे काय ते माहीत नाही, ती बाई माझं काम तपासणार.

संध्याकाळी इनुई नावाचा निवृत्त बसचालक आला. तो म्हणे रोज येऊन काचेतून आत बघतो. मला बघून म्हणाला, “काय हो ओसाकाकर, माझं विमान कधी उडवताय?” विमान म्हणजे अकरा नंबरचं यंत्र. मग ट्यूबमध्ये असतं तरी काय असं त्याने विचारलं. त्याच्या डोक्यात शिरेल अशा भाषेत सांगितलं. यंत्र बंद केलं तरी काचेच्या पोटात वीज भरून राहते, पंचवीस हजार व्होल्टपर्यंत. ती काठीने जमिनीत उतरवली की टक् आवाज होतो. मग तीन मिनिटं थांबून पुन्हा उतरवायची, कारण काच थोडी वीज लपवून ठेवते. काम करताना एक हात खिशात ठेवायचा, म्हणजे झटका बसलाच तर छातीतून आरपार जात नाही. इनुई म्हणाला, माझ्या बायकोलाही एकदा शांत करून भागत नाही. त्याच्या विनोदाला मी हसलो नाही.

७ मार्च

सहा यंत्रांचे पडदे जिवंत झाले. यातले तीन पडदे ओसाकातल्या कोणीही भंगारात टाकले असते. नऊ नंबरचं रक्तासारखं लाल होणारं चित्र मी कथलाच्या एका डागात सरळ केलं. बाईंना बोलावून दाखवलं, त्यांनी वाकून नमस्कार केला आणि परत मुळे चिरायला गेल्या. कौतुक कशाशी खातात ते या गावाला माहीत नाही.

बाई दुपारी तीनला मासळी आणायला जातात. त्या वेळात मी त्यांच्या तपासणीशिवाय चार ट्यूब उरकतो. अर्ध्या वेळात दुप्पट काम. दुसऱ्यांदा रिकामं करणंही मी सोडून दिलंय, फक्त नवशिक्यांनी करायची गोष्ट आहे ती.

एक बारीक गोष्ट लिहून ठेवतो. चार नंबरची ट्यूब काल रिकामी करून फळीवर ठेवली होती, सगळ्या तारा काढून. आज काठी लावली तर पुन्हा टक् झालं आणि निळी ठिणगी उडाली, चांगली करंगळीएवढी. काचेने लपवलेली वीज असणार. एवढी लपत नाही, हे खरं. पण दमट हवा आहे.

९ मार्च

चार नंबर पुन्हा भरली. गंमत म्हणून तामोत्सुच्या मीटरने मोजली. अठरा हजार व्होल्ट. फळीवर पडलेली, कशालाही न जोडलेली काच. म्हणजे मीटर फालतू आहे. तो माझ्या चांगल्या मीटरशी ताडून बघितला. दोन्ही सारखंच दाखवतात.

त्याहून मोठा मूर्खपणा दुपारी झाला. बाई मासळीला गेल्या होत्या. मी एका तारेला कथलाचा डाग देत होतो. मागच्या फळीच्या बाजूने एका पुरुषाने मोठ्याने, अगदी कामाच्या सुरात हाक दिली. अकरा नंबर, रिकामी. आणि माझ्या तोंडून निघालं, ठीक. मान वर न करता. बावीस वर्षांचं वळण आहे, तोंड डोक्याची वाट बघत नाही.

मग उठून बघितलं. मागे कोणीच नाही, फळी आणि भिंत. इनुईचाच चावटपणा असणार म्हणून त्याला गाठून झाडला. तो तोंडाला साबण लावून न्हाव्याकडे बसला होता, तासाभरापासून. न्हावीही तेच म्हणाला. दोघं माझ्याकडे बघून हसले. हसा लेको.

११ मार्च

काल दोनदा, आज तीनदा. नेहमी दुपारी, नेहमी मागून, तोच आवाज. घाई नाही, राग नाही, दिवसाकाठी पन्नास वेळा तेच सांगणाऱ्या माणसाचा आवाज. तीस नंबर, रिकामी. सहा नंबर, रिकामी. प्रत्येक वेळी मी ठरवतो की बोलायचं नाही. प्रत्येक वेळी ‘ठीक’ आधी निघून गेलेलं असतं.

आज बत्तीसच्या बत्तीस ट्यूब मोजल्या. अकरा, तीस, सहा आणि अजून तीन भरलेल्या आहेत, वीस हजारांच्या वर. बाकीच्या बहुतेक कोरड्या. ज्या नंबरांना मी ‘ठीक’ म्हटलं त्याच भरल्यात. मग चार नंबर का भरते, असं मला वाटलं, आणि मग आठवलं. सहा तारखेला दुपारी डुलकी लागली होती तेव्हा कोणी काहीतरी बोललं होतं आणि मी झोपेत उत्तर दिलं होतं.

हे मी लिहितोय. शिकलेला माणूस, बावीस वर्षांचा अनुभव. वाचणाऱ्याने थुंकावं माझ्यावर.

१३ मार्च

बाईंना विचारलं. सरळ विचारायची लाज वाटली, म्हणून आधी विचारलं की यजमान काम करताना कसे हाक मारायचे. त्यांनी हातातलं काम खाली ठेवलं. मग त्यांनीच विचारलं, तुम्हाला ती हाक ऐकू येते का. मी हो म्हणालो. त्यांना येत नाही, वर्षभर त्या वाट बघतायत.

मग बोलल्या. दोन आठवड्यांत बोलल्या नव्हत्या तेवढं एका दमात बोलल्या. तीस वर्षं यजमान ट्यूब रिकामी करायचे, हाक द्यायचे, त्या येऊन बघायच्या आणि ‘ठीक’ म्हणायच्या. पहिली दहा वर्षं नीट बघितलं. मग लांबून बघायला लागल्या, मग पडद्याच्या फटीतून, मग बघणं राहिलंच, फक्त आवाज उरला. गेल्या वर्षी विषुवदिन होता, पितरांच्या नैवेद्याला गोड भाताचे गोळे करायचे होते, लाल डाळीचं सारण पातेल्याला लागत होतं. पडद्यापलीकडून हाक आली, सतरा नंबर, रिकामी. त्यांनी पळी हलवत हलवत ‘ठीक!’ म्हटलं. काठीचा चिमटा निसटला होता, वीज उतरलीच नव्हती. बघितलं असतं तर कोणालाही दिसला असता.

“बघितलं नाही हो मी, तोगाशी-सान,” असं त्या माझं नाव घेऊन पुन्हा पुन्हा म्हणत राहिल्या. “त्यांनी तर विचारलं होतं ना. सारण करपू दिलं नाही मी, आणि माणूस करपू दिला.”

सांत्वन करावं म्हणून मी तोंड उघडलं आणि मनात आलं, काय हा बावळटपणा. मग लगेच दुसरं मनात आलं, की या बाईने एकदा केलं ते मी लाखभर वेळा केलंय आणि फक्त नशिबाने वाचलोय. मी नाही, माझ्यासमोर हात घालणारे वाचले. त्यांच्यातल्या एकाचाही चेहरा मला आठवत नाही.

बाईंचं म्हणणं असं, की यजमान अजून कोणीतरी येऊन बघावं म्हणून हाक देतायत. आणि न बघता ‘ठीक’ म्हटलं की ते खोटं ठरवण्यासाठी ट्यूब भरून ठेवतात. असलं काही मी मानत नाही. पण सतरा नंबर अजून पुकारला गेलेला नाही, एवढं मी लक्षात घेतलं.

१५ मार्च

डाव्या हाताने लिहितोय. अक्षर कोंबडीचं.

काल दुपारी आवाज आला. दोन नंबर, रिकामी. जीभ चावली, रक्त आलं, तरी ‘ठीक’ निघालं. मग माझं डोकं फिरलं. उठलो, दोन नंबरला काठी लावली, टक्, जोरात. मागच्या भिंतीकडे बघून वेडावून दाखवत मीच ओरडलो, दोन नंबर, रिकामी! आणि मीच म्हणालो, ठीक! आणि न थांबता हात घातला.

फळीवर जाऊन आदळलो. उजव्या तळव्याला दोन काळी भोकं आहेत. डॉक्टर म्हणाला, डावा हात खिशात होता म्हणून जिवंत आहात. वर म्हणाला, तुमच्यासारखा अनुभवी माणूस असं कसं करतो? मला त्याचं थोबाड फोडावंसं वाटलं. उजवा हात उचलत नाही.

१७ मार्च

पळायचं ठरवलं. हो, पळायचं. बाईंना चिठ्ठी ठेवली, बॅग डाव्या हाताने ओढत स्टेशनवर गेलो. बाकावर बसलो. दहा चाळीसची गाडी आली. ती उलट दिशेची होती.

गार्डने पांढऱ्या हातमोज्याचं बोट मागे दाखवलं. मागचा डबा, दारं मोकळी! रोज म्हणतात तसं. उत्तर स्टेशनमास्तरने द्यायचं असतं. तो वाकून पार्सल उचलत होता.

ठीक!

मी म्हणालो. बाकावरून. कोण बोललं ते गार्डने बघितलंही नाही. गाडी हलली. मागच्या दारात एका म्हातारीच्या पिशवीचा पट्टा अडकला होता आणि तिने तो हाताला गुंडाळला होता. चार पावलं फरपटली. कोणीतरी लाल बटण दाबलं म्हणून गाडी थांबली. गुडघे सोलले, दात पडला. ती जिवंत आहे. ती स्टेशनमास्तरची माफी मागत होती, तुम्हाला उशीर झाला म्हणून.

माझ्या डोळ्यांदेखत दार मोकळं होतं. शपथेवर सांगतो, मोकळं होतं. मी म्हटल्यावर —

मी ओसाकाला जाऊन काय करणार? या देशात बोट दाखवून ओरडत नाही असा माणूस कुठे आहे? रस्ता खणणारे, क्रेनवाले, आगगाडीवाले, गॅसवाले. सगळे सांगणार आणि माझं तोंड उत्तर देणार.

परत आलो. बाईंनी चिठ्ठी वाचली होती. त्यांनी सूप गरम केलं.

१८ मार्च

बाईंना स्टेशनवरचं सांगितलं. त्यांनी सुचवलं ते असं. सगळ्या बत्तीस ट्यूब नीट करायच्या. दोनदा रिकामी, हाक, आणि दुसऱ्याने खरोखर बघायचं. एकही सुटता कामा नये. मग यजमानांना हाक द्यायला कारण उरणार नाही.

माझा हात चालत नाही. म्हणून आत हात बाई घालणार. बघणार मी. मी म्हटलं, कोणा तिसऱ्याला बोलवू, इनुईला. बाईंनी ऐकलं नाही. त्या म्हणाल्या, ते उभे राहायचे तिथे मला एकदा उभं राहू दे, आणि माझ्या जागी कोणीतरी बघणारा असू दे. एवढंच मागते.

मी बघणारा. हसू आलं.

इनुई काचेवर टकटक करून म्हणाला, “ओसाकाकर, हात भाजला म्हणे? आता माझं विमान डाव्या हाताने उडवा.” उत्तर दिलं नाही. आता मी कोणालाच उत्तर देत नाही.

१९ मार्च

तोंडाला टॉवेल बांधलाय. आत एक रुमाल कोंबलाय. बाईंनीच मागे घट्ट गाठ मारली. आवाज निघत नाही, करून बघितलं, नाकातून घूं एवढंच. ठरलंय ते असं, त्यांनी हाक द्यायची, मी उठून जायचं, टोक बघायचं, चिमटा बघायचा, मग खांद्यावर थाप. शब्द नाहीच.

दोन उतरवण्यांच्या मधल्या तीन मिनिटांत हे लिहितो. नुसतं बसलं तर कान मागे लागतात.

आज एकोणीस झाल्या. मी प्रत्येक वेळी गुडघ्यावर बसतो, नाक लावून बघतो. सातव्या ट्यूबला चिमट्याखाली गंज दिसला. थाप मारली नाही, बोट दाखवलं. बाईंनी कागदाने घासला. न बघता सोडलं असतं तर. बावीस वर्षांत हे पहिल्यांदा केलं. दोन सेकंद लागतात. दोन. यासाठी मी —

दिवसभर मागून आवाज नाही.

२० मार्च, सकाळ

विषुवदिन. बाईंनी पहाटे कबर धुतली. सारण आज केलं नाही.

विसावी झाली. एकविसावी.

आवाज नाही.

अकरा नंबर लावून बघितला, चित्र लखलखीत. विमान उडतं. बाई हसल्या. दात दिसले पहिल्यांदा. मीही टॉवेलआड हसलो असेन.

दुपार

एकतीस. सगळ्या कोरड्या. पुन्हा मोजल्या, कोरड्याच.

सतरा उरली. बाईंनी ओढून मधल्या टेबलावर आणली. एप्रनला हात पुसले, यजमान उभे राहायचे तिथे उभ्या राहिल्या, पाठ माझ्याकडे. एक हात कमरेमागे. पहिल्यांदा उतरवली. टक्.

तीन मिनिटं. घड्याळ समोर आहे. मी दारापाशी, स्टुलावर, सहा पावलं लांब. जवळ बसायला हवं होतं. याच्यानंतर जवळ —

दुसऱ्यांदा उतरवली. आवाज नाही. कोरडी.

बाईंनी बोट दाखवलं. सतरा नंबर, रिकामी. काय आवाज लागला त्यांचा, अगदी खणखणीत. आता वही ठेवतो, उठतो, बघ

ठीक!

हे मी म्हटलं नाही. रुमाल तोंडात आहे. आवाज माझा. माझाच, मान वर न करता म्हटलेला —

बाईंचे खांदे सैल पडले. वळल्याही नाहीत. थापेची वाट नाही बघितली, ‘ठीक’ आलं की हात आत, तीस वर्षांचं वळण — हात पुढे — बाई मी नाही मी अजून बघितलं ना